मिस्त्रींची कोपरं

जेवणाचं टेबल करून घ्यायला कुणी आलं की मिस्त्री आधी मापाची पट्टी काढायचेच नाहीत. आलेल्या माणसाला स्टुलावर बसवायचे, कानावरची पेन्सिल हातात घ्यायचे आणि विचारायचे, "तुमच्या घरी जेवतात कसे?"

माणूस गडबडायचा. "कसे म्हणजे? तोंडाने!"

"ते झालंच हो. पण आधी घास कोण घेतं? सगळे एका ताटात जेवता की आपापल्या? वाढणारी बाई बसते, की उभ्याउभ्याच चार घास कोंबते? जेवताना बोलता, की भांडता, की गप्प?"

कुणी हसायचं, कुणी वैतागायचं. एक गृहस्थ तर "मला टेबल हवंय, पंचायत नको" म्हणून उठून गेले आणि चार दिवसांनी बायकोला घेऊन परत आले. मग त्या दोघांचं मिस्त्रींसमोरच जुंपलं, कारण घरात बोलत जेवतात की गप्प यावर त्यांचं एकमत होईना. मिस्त्रींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि अरुंद टेबल करून दिलं. "लांबून भांडलं की आवाज चढतो," एवढंच म्हणाले.

मिस्त्रीणबाईंना हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू यायचं. कारखाना म्हणजे घराला चिकटलेली एक लांबट खोली, मध्ये एकच भिंत. रंध्याचा आवाज थांबला की बाई ओळखायच्या, गिऱ्हाईक आलं आणि ह्यांची उलटतपासणी सुरू झाली. नवऱ्याचं हे वेड त्यांना नवं नव्हतं. तरुणपणी मिस्त्री हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून मुलूखभर हिंडले होते. जिथे काम तिथे मुक्काम, आणि जिथे मुक्काम तिथे कुणाच्या तरी घरी जेवण. त्यामुळे त्यांच्याकडे गोष्टींचा तोटा नव्हता. एका गावात म्हणे सगळं घर एकाच मोठ्या परातीभोवती बसतं आणि प्रत्येकाने आपल्या समोरचंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात गेला की संपलं. तिथलं टेबल गोलच हवं, आणि मधोमध हात पोचेल एवढंच. दुसरीकडे म्हणे रस्सा फुर्र आवाज करून प्यायला नाही, तर स्वयंपाकीण रुसते. मिस्त्री तो आवाज करून दाखवायचे आणि बाई म्हणायच्या, "पुरे! सवय लागेल."

इतके देश पाहिलेला माणूस घरात मात्र महाकडक. लग्नानंतर त्यांनी स्वतःच्या हाताने जे लांब टेबल केलं, त्याच्या टोकाला, कारखान्याच्या भिंतीलगत, त्यांची खुर्ची. आणि त्या टेबलाचे कायदे दोन. पहिला घास मिस्त्रींचा. तो त्यांनी घेतला की इतरांनी सुरू करायचं, त्याआधी पोटात कावळे कोकलले तरी हात मांडीवर. आणि दुसरा कायदा, जेवताना टेबलावर कोपर टेकवायचं नाही. कुणाचं टेकलं की कानावरची पेन्सिल निघायची आणि कोपरावर टक्! "टेबल जेवायला असतं, टेकायला नाही."

हा दुसरा कायदा त्यांनी कुठून आणला, कुणास ठाऊक. बाईंनी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "आणला कुठूनतरी." मुलगा बापाएवढा उंच झाला, कारकून म्हणून नोकरीला लागला, तरी टेबलाशी बसला की हात बांधून शाळेत उभं केल्यासारखा बसायचा. आणि खुद्द बाई! दिवसभर पायावर उभं राहिलेल्या बाईला एकदा, आयुष्यात फक्त एकदा, टेबलावर दोन्ही कोपरं टाकून हातात हनुवटी घेऊन निवांत बसावंसं वाटे. पण नवरा पेन्सिलवाला. त्यांनी ती इच्छा इतर इच्छांच्या गाठोड्यात बांधून ठेवली.

मग सून आली. मुलाने आपली आपण पसंत केलेली, समुद्रापलीकडची, वेगळ्या लोकांतली, वेगळ्या भाषेतली. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवण्याचं काम करायची. इथली भाषा भराभर शिकली, पण बोलताना शब्दांना मधूनच असा हेल द्यायची की बाईंना आधी हसू यायचं आणि मग लाज वाटायची हसल्याची.

जेवणावरून मात्र सुरुवातीला कुरबुरी झाल्या. सून भांड्यातला शेवटचा तुकडा उचलायची नाही आणि कुणी उचललेलाही तिला खपायचा नाही. तिच्याकडे म्हणे तो तुकडा वाटसरूचा. वाटसरू येवो न येवो, तुकडा राहिला पाहिजे. बाईंच्या मते हा शुद्ध माज होता. त्यांच्या लहानपणी भांडं पुसून खायची शिकवण, आणि ही बाई चांगला तुकडा वाळवत ठेवते! "कुठला वाटसरू येतोय आपल्या गल्लीत? फार तर मांजर येईल," त्या म्हणायच्या. गंमत अशी, की मिस्त्री त्या तुकड्याला पहिल्या दिवसापासूनच हात लावत नव्हते. न सांगता, न विचारता. बाईंना वाटलं, सुनेचं कौतुक चाललंय, दुसरं काय. बायको आयुष्यभर कानीकपाळी ओरडली तरी ऐकलं नाही, आणि सुनेचं न सांगताही ऐकतात.

सून बाकी कायदे निमूट पाळायची. पहिल्या घासाची वाट पाहायची, कोपरं खाली ठेवायची. तिच्या कोपरावर पेन्सिल कधी वाजली नाही. नात झाली, तीही मोठी होऊन त्याच टेबलाशी बसायला लागली, आणि सगळं छान चाललं होतं.

मग मिस्त्रींचा हात थरथरायला लागला.

आधी कारखान्यात. पटाशी घसरली, खूण केलेली रेघ वाकडी गेली. मिस्त्री म्हणाले, लाकूड खराब आहे. मग चहाची कपबशी वाजायला लागली. मिस्त्री म्हणाले, बशी खराब आहे. मग एके दिवशी जेवताना चमच्यातला रस्सा टेबलावर सांडला, पुन्हा भरलेला चमचा पुन्हा सांडला, आणि कुणी काही बोललं नाही. तेच वाईट झालं. कुणी हसलं असतं, तर मिस्त्री ओरडले तरी असते. त्यांनी स्वतःच्या हाताने पॉलिश केलेल्या टेबलावरचा तो डाग बाहीने पुसला आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते म्हणाले, "माझं ताट कारखान्यात दे. काम पडलंय."

काम कसलं! गिऱ्हाईकं कमी झाली होती. पण ताट कारखान्यात जायला लागलं, आणि दार आतून बंद. आता अडचण अशी, की मिस्त्रींनी घास घेतल्याशिवाय इकडे कुणी जेवणार कसं? सुंभ जळला तरी पीळ जातो का? भिंतीपलीकडून आवाज यायचा, "घेतला!" की मग इकडे सगळे खाली मान घालून जेवायला लागायचे.

बाईंना माहीत होतं, हे खोटं आहे. ताट परत यायचं तेव्हा अर्धं तसंच असायचं, नाही तर भुशात सांडलेलं दिसायचं, भाताची शितं रंध्याच्या पात्यावर वाळलेली. ते नुसतं ओरडायचे, म्हणजे घरचे उपाशी राहू नयेत. पँट ढिली झाली, तेव्हा त्यांनी पट्ट्याला स्वतःच टोच्याने नवं भोक पाडलं, आणि तेही वाकडं पडलं. डॉक्टर म्हणाले, थरथर जाणार नाही, पण पोटात अन्न गेलं पाहिजे, नाही तर हाताआधी माणूस जाईल.

बाईंनी एकदा ताट घेऊन आत जाऊन घास भरवायचा प्रयत्न केला. मिस्त्रींनी तोंड फिरवलं. "मी काय तान्हं बाळ आहे?" बाईही चिडल्या. "बाळ परवडलं! बाळ खातं तरी!" दार धाडकन लागलं, आणि बाई स्वयंपाकघरात येऊन कणीक तिंबता तिंबता रडल्या. एवढ्या लोकांना जेवायला टेबलं करून देणारा माणूस भरल्या घरात लाजेने उपाशी मरेल, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही, पण सून भिंगं तपासणारी बाई. तिला बारीक तडाही दिसायचा.

एका संध्याकाळी सून दुकानातून आली, पर्स खुंटीला लावली आणि सरळ कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली. बाई मागेच होत्या, ताट घेऊन.

"बाबा, मी रागावले आहे," सून म्हणाली.

मिस्त्री रंध्याला तेल लावत होते. "कुणावर?"

"तुमच्यावर. इतकी वर्षं मी तुमच्या रीतीने जेवते. माझी रीत कुणी विचारली? गिऱ्हाइकांना विचारता, सुनेला विचारलं नाही."

मिस्त्रींना हे वर्मी लागलं. "मग सांग की."

"आमच्याकडे कोपरं टेबलावर ठेवतात. दोन्ही. आणि खोल वाडगा दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावतात. कोपरं हवेत ठेवली, तर त्याचा अर्थ, उठायची घाई झाली आहे, स्वयंपाक आवडला नाही. मी रोज आईंचा अपमान करते असं मला वाटतं." तिने दम घेतला. "मुलगी मोठी होते आहे. तिला आजोळची रीत कोण शिकवणार? आणि आमच्यात घरातला मोठा माणूस टेबलाशी नसेल, तर ती रीत चालतच नाही."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिले.

"तिकडे असं करतात?"

"हो."

"कोपरं टेबलावर?"

"दोन्ही."

"हं," मिस्त्री म्हणाले. हात पुसले आणि चालत घरात आले. बाई ताट हातात घेऊन तशाच उभ्या.

बाईंना खरं सांगायचं तर ही रीत अजिबात पसंत नव्हती. वाडगा तोंडाला लावायचा? आपण काय पेज प्यायला बसलोय? पण नवरा खुर्चीवर बसला होता, आणि त्यासाठी सुनेने टेबलावर पाय ठेवायला सांगितले असते तरी बाईंनी ठेवले असते. त्यांनी फळीवरचे जुने जड वाडगे काढले, भात आणि डाळ एकत्र सरबरीत करून वाढली. मिस्त्रींनी दोन्ही कोपरं टेबलावर रोवली. वाडगा दोन्ही हातांत धरला. हात थरथरत होतेच, पण कोपरांना आधार मिळाल्यावर ती थरथर वाडग्यापर्यंत पोचता पोचता दमून जात होती. त्यांनी वाडगा तोंडाला लावला, एक मोठा घोट घेतला आणि खाली ठेवला. काही सांडलं नाही.

"घेतला," ते म्हणाले. भिंतीआडून ओरडायची सवय झालेली, त्यामुळे आवाज जरा मोठाच निघाला.

सगळ्यांनी वाडगे उचलले. मुलाची कोपरं दोनदा आपोआप खाली गेली, तिसऱ्यांदा बायकोने डोळे वटारल्यावर टिकली. नात खूश, कारण तिला हेच हवं होतं. आणि बाईंनी आपली कोपरं त्या टेबलावर टेकवली तेव्हा त्यांना आधी पाप केल्यासारखं वाटलं आणि मग खांद्यांतून काहीतरी जड उतरल्यासारखं. अहाहा! एवढ्याशा सुखासाठी सुनेची वाट पाहावी लागली.

ते दिवस बाईंना पुढे सारखे आठवायचे. आठवायला तसं काय घडलं? रोज जेवण झालं, एवढंच. पण मिस्त्रींच्या गालावर पुन्हा मांस चढलं, पट्टा जुन्या भोकावर आला. गोष्टी परत सुरू झाल्या, फुर्र करून रस्सा प्यायची गोष्ट आता नातीसाठी. एकदा मिस्त्रींनी मुलाला हाताशी घेऊन टेबलाची कड तासून गोल करून घेतली. धारदार कडेने हाताला वळ उठतात म्हणे. इतकी वर्षं ती कड कुणाला टोचली नव्हती, कारण इतकी वर्षं तिथे कुणाचा हात टेकलाच नव्हता.

आणि मग विहीणबाई आल्या. समुद्रापलीकडून, नातीला बघायला. सडपातळ, ताठ कण्याच्या, केस चापूनचोपून बसवलेले. इथली भाषा त्यांना येत नव्हती, सगळं सूनबाईंमार्फत. सून सकाळपासून कावरीबावरी. दुपारी हळूच म्हणाली, "आई, आज आपण तुमच्या जुन्या पद्धतीने बसू या का?"

"छे गं!" मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "पाहुण्या पहिल्यांदा घरी आल्या, त्यांची रीत नको पाळायला? नावं ठेवतील आपल्याला."

"ठेवणार नाहीत."

"तू गप्प बस. मला कळतं."

संध्याकाळी सगळे बसले. बाईंनी घरादाराला आधीच तंबी दिली होती, कुणाचंही कोपर खाली दिसता कामा नये. मिस्त्रींनी घोट घेतला, "घेतला" म्हणाले आणि दणादण सगळी कोपरं टेबलावर, सगळे वाडगे दोन्ही हातांत. बाईंनी अभिमानाने विहीणबाईंकडे पाहिलं.

विहीणबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांचे डोळे एका कोपरावरून दुसऱ्या कोपरावर जात होते. मग थंड पाण्यात पाय घालावा तसं त्यांनी एक कोपर अलगद टेबलावर ठेवलं. मग दुसरं. वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि त्यातली डाळ हनुवटीवरून खाली ओघळली.

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही बाई जन्मात कधी अशी जेवलेली नाही! ती बिचारी हीच या घरची रीत समजून पाळतेय! त्यांनी सुनेकडे पाहिलं, तर सून कानापर्यंत लाल. मुलाकडे पाहिलं, तर तो भांबावलेला. मिस्त्रींकडे पाहिलं, तर ते वाडग्यात तोंड खुपसून बसलेले, आणि मिशी हलतेय.

विहीणबाई हनुवटी पुसत आपल्या भाषेत लेकीला काहीतरी म्हणाल्या. सुनेने मुलीच्या वाडग्यात डाळ वाढली. त्यांनी पुन्हा विचारलं. सून खाली बघायला लागली.

तेव्हा मिस्त्रींनी वाडगा खाली ठेवला आणि विहीणबाईंना उत्तर दिलं. त्यांच्याच भाषेत. अडखळत, गंजलेला बोल्ट फिरवावा तसं, पण त्यांच्याच भाषेत.

सुनेच्या हातातला वाडगा तिरका झाला. विहीणबाई क्षणभर मिस्त्रींकडे बघत राहिल्या, मग लेकीकडे, मग मिस्त्रींच्या हातांकडे. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी दोन्ही कोपरं टेबलावर पुन्हा नीट रोवली, वाडगा उचलला आणि दुसरा घोट घेतला. तोही सांडला. मग आधी नात हसली आणि मग सगळेच.

"काय म्हणाल्या गं त्या?" बाईंनी सुनेला विचारलं.

सुनेने डोळे पुसले. "त्या म्हणाल्या, या घरात कुणाला वळण आहे की नाही?"

"आणि हे काय म्हणाले?"

"म्हणाले..." तिने वाडगा खाली ठेवला. "म्हणाले, ही आमच्या घरची रीत आहे. माझ्या सुनेने घालून दिली."

भांडी आवरताना बाईंनी नवऱ्याला गाठलं. "अहो, तुम्हाला त्यांची भाषा कधीपासून येते?"

मिस्त्री ओट्याला टेकून उभे होते. "लग्नाआधी गेलो होतो तिकडे. एका विधवा बाईची खाणावळ होती, तिच्याकडे जेवायचो. कोपर टेबलावर दिसलं की ती वाढायच्या डावाने फटका द्यायची. असा बसायचा की रंधा धरवायचा नाही! मी कोपरं खाली ठेवायला शिकलो, तो तिच्या डावाखाली. शेवटचा तुकडा ठेवायलाही तिथेच शिकलो."

"मग इतक्या गोष्टी सांगितल्यात, ही कधी सांगितली नाहीत?"

मिस्त्री जरा ओशाळले. "तिच्या खाणावळीसाठी टेबल केलं होतं. माझं पहिलं. भर पंगतीत पाय मोडला त्याचा, माझा नव्हे. रात्रीच पळालो तिथून. ज्या गावात पहिलं टेबल मोडलं, त्या गावाचं नाव कोण काढेल?"

बाई हसल्या आणि मग गंभीर झाल्या. "म्हणजे सून कारखान्याच्या दारात उभी राहून बोलत होती, तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं."

"पहिल्या शब्दाला."

"आणि ताकास तूर लागू दिली नाहीत!"

"पोरीने माझ्यासाठी अख्ख्या मुलखाची रीत बदलली," मिस्त्री म्हणाले. "मी दोन कोपरं बदलू नयेत?"

त्यानंतरही बरेच दिवस ते त्या खुर्चीवर जेवले. मग थंडीत एकदा आजारी पडले आणि उठले नाहीत. डॉक्टरांना भीती होती तसा उपासमारीने जीव गेला नाही. हात तसाच थरथरत राहिला, पण माणूस पोटभर जेवून गेला. बाई हे प्रत्येकाला सांगायच्या. समाचाराला येणाऱ्यांना ते विचित्र वाटायचं.

सुरुवातीला जेवण शेजारपाजारहून यायचं, कुणी केव्हाही, कसंही खायचं. मग एका संध्याकाळी बाईंनी पुन्हा चूल पेटवली. वाडगे मांडले. सवयीने एक जास्त मांडला गेला, तो कुणी उचलला नाही. सगळ्यांनी कोपरं टेबलावर ठेवली आणि थांबले.

कुणीच वाडगा उचलेना. आता घरात मोठ्या बाईच. पहिला घास त्यांचा, हे सगळ्यांना कळत होतं, त्यांनाही. पण त्यांचे हात काही केल्या हलेनात. डाळीवर साय धरली. नात एकदा आजीकडे बघायची, एकदा भिंतीलगतच्या रिकाम्या खुर्चीकडे. मुलाने "आई..." म्हणत तिचा वाडगा जरा पुढे सरकवला.

सून उठली. काही न बोलता मागच्या दाराने कारखान्यात गेली. दार लागल्याचा आवाज आला. आणि मग भिंतीपलीकडून, शब्दाला तिचा तो हेल देत, आवाज आला, "घेतला!"

बाईंना माहीत होतं, पोर खोटं बोलतेय. त्यांनी दोन्ही हातांनी वाडगा उचलला आणि त्या जेवायला लागल्या.